हॉर्न न ऐकता पाच दिवस: त्राझिमेनो तळ्याकाठची मुरमाची वाट

मुरूमवाट

मे महिन्यात मोठ्या जाऊबाईंबरोबर इटलीत पाच दिवस सायकल चालवून आले. लिहिते लिहिते म्हणत तीन आठवडे गेले. आज म्युनिकला सकाळपासून पावसाची पिरपिर आहे, तेव्हा बसलेच.

जाऊबाई पुण्याच्या, वय ५८. घरात लूना आली तेव्हा सायकल सुटली ती सुटलीच. "येते, पण मागून एकदा जरी हॉर्न वाजला तरी मी उतरणार, आणि परत बसणार नाही," ही त्यांची अट. ठिकाण या अटीने ठरवलं, निसर्गसौंदर्याने नाही. सपाट हवं, गाड्या नकोत, आणि मध्येच थांबून काहीतरी बघण्यासारखं हवं, कारण नुसतं पेडल मारत राहणं त्यांना मूर्खपणाचं वाटतं.

तर ठिकाण: उंब्रियातलं त्राझिमेनो तळं. टस्कनीच्या सीमेला लागून आहे, पण टस्कनीला जाणारे बहुतेक लोक हे ओलांडून पुढे जातात. ते आमच्या पथ्यावर पडलं. तळं १२८ चौरस किलोमीटर, म्हणजे दुसरा काठ धुरकट दिसेल इतकं मोठं, आणि खोली मात्र सगळ्यात खोल जागी सहा मीटरच्या आसपास. बशीच म्हणा. आत तीन बेटं. मुक्काम कास्तिल्योने देल लागो या गावात. एकेकाळी हे चौथं बेट होतं, आता काठाला चिकटलेलं भूशिर. वर किल्ला, तटाच्या आत एक मोठी गल्ली आणि दोन-तीन छोट्या, तटाखाली ऑलिव्हची झाडं आणि मग पाणी. पाचही रात्री इथेच काढल्या. सामान बांधाबांध शून्य.

पहिल्या दिवशी दक्षिण काठ. तळ्याभोवती सायकलमार्गाची पूर्ण फेरी साठेक किलोमीटरची आहे आणि सगळीकडे ती पूर्ण करण्याचं कौतुक वाचायला मिळतं. माझं ऐकाल तर करू नका. उत्तरेला तुओरो-पासिन्यानोच्या बाजूला डोंगर, रेल्वे, चौपदरी रस्ता आणि पाणी हे सगळं एका पट्टीत कोंबलंय, त्यामुळे मधूनमधून गाडीरस्त्याला यावंच लागतं. दक्षिणेचा अर्धा भाग मात्र सोनं. पांढुरका मुरूम, वर बारीक खडी, काही ठिकाणी दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवताची शेंडी. एका हाताला बोरूची बेटं, दुसऱ्या हाताला गव्हाची शेतं आणि बांधावर लाल पॉपी. चाकाखाली खडीचा करकर आवाज, बोरूत कुठलातरी पक्षी भांडत असलेला. दोन तासांत भेटलं कोण, तर एक कुत्रं घेऊन फिरणारे आजोबा आणि एक ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवाल्याने आम्हाला बघून स्वतःच इंजिन बंद केलं आणि हाताने पुढे जा म्हणाला. जाऊबाई पुढे जाऊन थांबल्या आणि मला म्हणाल्या, "तो माझ्यासाठी थांबला?"

सान फेलिचानोला मासेमारांचं छोटं संग्रहालय आहे, तिथे थांबा. त्याच्या जवळ सान साविनोला एक गंमत आहे. या तळ्याला नैसर्गिक वाटच नाही, पाणी बाहेर जातच नाही. पावसाळी वर्षात काठची गावं बुडायची. म्हणून पंधराव्या शतकात ब्राच्चो फोर्तेब्राच्चो नावाच्या लढवय्या सरदाराने डोंगरातून बोगदा खणून पाणी बाहेर काढलं. नावाचा अर्थच 'बळकट बाहूचा'. आता उलट रड आहे: गेली काही वर्षं पाणी आटतंय, धक्के कोरडे पडताहेत.

दुसऱ्या दिवशी पानिकाले आणि पाचानो. तळं समुद्रसपाटीपासून २५८ मीटरवर, पानिकाले ४३१ वर. म्हणजे चढ पावणेदोनशे मीटरचा, पण शेवटचे दोन किलोमीटर श्वास काढतात. जाऊबाई ई-सायकलवर असल्याने वर जाऊन कॉफी सांगून बसल्या होत्या. गाव शिंपल्यासारखं गोल, गल्ल्या एकात एक. तिथल्या सान सेबास्तियानोच्या चर्चमध्ये पेरुजिनोने १५०५ मध्ये काढलेलं भिंतीएवढं चित्र आहे: मध्ये खांबाला बांधलेला संत, चार धनुर्धारी नाचल्यासारखे उभे, आणि मागे कमानींतून निळसर टेकड्या आणि पाणी. बाहेर येऊन तटावर उभं राहिलं की तेच समोर दिसतं. दिवसभर आपण ज्या वाटेने आलो ती वाट चित्राच्या मागच्या बाजूला कुठेतरी असणार असं वाटून मी परत आत जाऊन शोधली. नाही सापडली.

तिसरा दिवस म्हणजे या सहलीचा खरा गाभा. सकाळच्या रेल्वेने क्यूझी, आणि तिथून सेंतिएरो देल्ला बोनिफिका: क्यूझी ते अरेत्सो, ६२ किलोमीटर, कालव्याच्या काठाने, जवळपास सगळा मुरमाचा आणि गाडीला मज्जाव. हा रस्ता सायकलवाल्यांसाठी केलेलाच नाही. कालव्याची देखभाल करणाऱ्यांचा तो जुना रस्ता. क्याना नदी रोमन काळात दक्षिणेला, टायबरकडे वाहायची. उतार इतका कमी की मध्ययुगात अख्खं खोरं दलदल झालं, मलेरिया आला आणि माणसं टेकड्यांवर सरकली. सगळी सुंदर गावं डोंगरमाथ्यावर का, याचं अर्धं उत्तर डास आहेत आणि उरलेलं अर्धं शेजारी. लिओनार्दो दा विंचीने १५०२ च्या सुमारास या खोऱ्याचा नकाशा काढला होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस फोस्सोम्ब्रोनी नावाच्या अभियंत्याने पद्धतशीर काम हाती घेतलं: ओढ्यांचं गढूळ पाणी बांध घातलेल्या तुकड्यांत सोडायचं, गाळ बसू द्यायचा, पाणी काढून टाकायचं, परत सोडायचं. वर्षानुवर्षं. जमीन वर येत गेली आणि नदी उलटी फिरली. आज क्याना उत्तरेला आर्नो नदीकडे वाहते. आपण तिच्याबरोबर चालतो, किंवा ती आपल्याबरोबर, कारण पाणी इतकं संथ आहे की दिशा कळायला पान पडावं लागतं.

क्यूझीच्या तळ्याजवळ दोन बुरूज लागतात. एक सिएनावाल्यांचा, त्याचं नाव 'बेक्काती क्वेस्तो', म्हणजे 'हे घे!' पलीकडे पेरुजावाल्यांचा: 'बेक्काती क्वेल्लो', 'मग तू ते घे!' दोन गावांच्या भांडणाचं इतकं सरळ स्मारक मी पाहिलेलं नाही. जाऊबाईंना त्यांच्या सोसायटीतल्या दोन विंग आठवल्या.

अरेत्सोला पोहोचलो, जिलातो खाल्लं, रेल्वेने परत. रेल्वेत सायकलचं वेगळं तिकीट साडेतीन युरोचं, पण स्टेशनातले जिने मात्र फुकट. ई-सायकल २४ किलोची. आम्ही दोघींनी ती उचलून फलाट बदलला तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "हॉर्न नाही म्हणाली होतीस, हमाली आहे हे नव्हतीस म्हणालीस."

चौथ्या दिवशी चित्ता देल्ला पिएवे (पेरुजिनोचं जन्मगाव, सगळं गाव भाजक्या विटांचं, ५०० मीटरवर), पाचव्या दिवशी सायकल कुलपात आणि बोटीने इझोला माज्जोरे. फ्रान्सिस संताने तिथे १२११ चा उपासकाळ एकट्याने काढला म्हणतात. आता बायका क्रोशाने आयरिश पद्धतीची लेस विणतात. जाऊबाईंनी एक रुमाल हातात घेऊन उलटा करून पाहिला, टाके मोजले आणि परत ठेवला.

फोटो चढत नाहीयेत, संध्याकाळी बघते.

पंक्चरदास

मस्त! वाचनखूण साठवली. सायकलचं सांगा ना. टायर किती मिमी, हवा किती, ट्यूबलेस का? आणि ग्रॅव्हल सायकल (खडीच्या वाटेसाठीची, रुंद टायरची) नसेल तर साध्या हायब्रिडवर जमेल?

अप्पा_सत्तरीतले

सूनबाई, लेख आवडला. मी ७१, गुडघा एक बदललेला. रोज सकाळी संभाजी उद्यानापर्यंत सायकलने जातो. ६२ किलोमीटर जमतील का, ते स्पष्ट सांगा, मन राखू नका.

मुरूमवाट

@पंक्चरदास, माझ्याकडे भाड्याची ग्रॅव्हल सायकल होती, ४० मिमी टायर, ट्यूबलेस. दुकानदाराने हवा ६० पीएसआय (दाबाचं माप) भरून दिली होती. पहिले पाच किलोमीटर दात वाजले. मग थांबून अंदाजाने हवा काढली, पस्तीसच्या आसपास आणली, आणि रस्ताच बदलल्यासारखा वाटला. हायब्रिडवर नक्की जमेल, फक्त टायर ३५ च्या खाली नको. स्लिक टायरवर कोरड्यात चालेल, पण पाऊस पडला की इथली माती चिकण. फोर्कमध्ये अडकून चाक फिरेनासं होतं. आम्हाला एकदा तासभर पाऊस लागला. त्यानंतर दोनशे मीटरमध्ये चाकाला लाडू वळल्यासारखी माती चढली. ऑलिव्हची काटकी घेऊन खरवडली.

पंक्चरही झालं, तुमचं नाव राखायला. बोरूच्या बाजूने जाताना पुढचं चाक बसलं. काटा काढला तर तळहातावर ओळखीचा चेहरा: सराटा! तोच तीन शिंगांचा, लहानपणी साताऱ्यात चपलेतून वर यायचा तो. ट्यूबलेसमध्ये सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं पातळ द्रव, असतं म्हणून निवांत होते, पण आत ते सुकून रबराची चकती झाली होती. दुकानाचं नाव लिहीत नाही. भाड्याची सायकल घेताना चाक कानाशी धरून हलवा, आतून पाण्याचा खळखळ आवाज यायला हवा. आला नाही तर तिथेच सीलंट भरून घ्या. नवीन ट्यूब टाकून निघाले, अर्धा तास गेला.

@अप्पा, मन न राखता सांगते: सलग ६२ नको. पण तो रस्ता तोडता येतो. खोऱ्याच्या बाजूने रेल्वे जाते, कास्तिल्योन फिओरेंतिनो किंवा तेरोंतोलाला सोडून देता येतो. कालव्यापासून स्टेशनपर्यंत मात्र काही किलोमीटर गाडीरस्ता आहे, तेवढं धरून चाला. चढ नाहीच. ई-सायकल घ्या, जाऊबाईंना दिवसाला ३५ युरो पडले. आणि एक, वाटेत सावली फार कमी. जून ते ऑगस्ट टाळा. मे किंवा सप्टेंबर अखेर.

भाकरी_ठेचा

खाण्याबद्दल एक ओळ नाही! निषेध.

मुरूमवाट

बरोबर आहे, चूक कबूल.

पहिल्या रात्री वाढणाऱ्या काकूंनी सांगितलं, इथली खासियत घ्या, 'फाजोलिना देल त्राझिमेनो'. फक्त या तळ्याच्या आसपास पिकते, मध्यंतरी जवळपास नामशेष झाली होती, आता परत लावतात, शेंगा हाताने तोडतात, एका वेळी सगळ्या पिकत नाहीत म्हणून पुन्हा पुन्हा तोडणी, म्हणून महाग. हे सगळं ऐकून आम्ही श्रद्धेने थाळीची वाट बघत बसलो. आली. ऑलिव्ह तेल, मीठ, वर तुळशीसारखं एक पान. जाऊबाईंनी एक दाणा चिमटीत धरून उजेडाकडे केला. "अगं, ही चवळी."

चवळीच! दाणा बारीक, तांदळापेक्षा थोडा मोठा, पांढरा, तांबूस, काळपट असे सगळे रंग मिसळलेले, आणि पोटावर तो चवळीचा डोळा. नंतर शोधलं तर वनस्पतीशास्त्राप्रमाणेही चवळीचंच कूळ. साल इतकी पातळ की भिजवावीही लागत नाही. जाऊबाईंनी अर्धा किलो घेतली आणि पुण्यात जाऊन आमसूल-गुळाची उसळ केली. फोन आला: "तुमच्या इटलीपेक्षा फोडणीत बरी लागते."

दुसरं म्हणजे तोर्ता अल तेस्तो. तेस्तो म्हणजे जाड गोल तवा, त्यावर भाजलेली जाडजूड रोटी, मधून चिरून भरलेली. आम्ही पालेभाजी आणि चीज घेतलं. तळ्यातले मासेही खातात, बोरूच्या काटक्यांच्या जाळावर भाजलेले. मी खाल्ले, काटे फार. रविवारी संध्याकाळी चारनंतर काही मिळेल अशी आशा ठेवू नका, साडेसातपर्यंत गाव उपाशी ठेवतं. पिशवीत चिक्की ठेवा.

निरुत्तर

लेख छान आहे पण हे वाचून नेहमीसारखाच प्रश्न पडतो. आपल्याकडे काय कमी आहे? तळी आहेत, किल्ले आहेत, जुनी गावं आहेत. परदेशातल्या मुरमाचं कौतुक, आपल्या मुरमाला शिव्या.

भाकरी_ठेचा

@निरुत्तर, मी रोज पहाटे नीरा डाव्या कालव्याच्या सर्व्हिस रस्त्याने जातो. बारामतीच्या अलीकडे. धागाकर्तीने जे वर्णन केलंय ते डोळ्यासमोर आलं, पाण्याची दिशा कळत नाही वगैरे. फक्त उसाच्या हंगामात ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या लावून येतो आणि त्याचं गाणं हॉर्नपेक्षा मोठं असतं. आणि कुत्री. माझ्या पिंढरीवर दोन खुणा आहेत.

मुरूमवाट

@निरुत्तर, मी शिव्या कुठे दिल्या? आपला मुरूम मला आवडतोच. माझा मुद्दा एवढाच की तिकडे नवीन काही बांधलेलं नाही. कालव्याचा रस्ता होताच. त्याच्या तोंडाशी गाडी अडवणारा एक आडवा दांडा टाकला, वळणावर पाट्या लावल्या. ६२ किलोमीटरमध्ये मी डोळे उघडे ठेवून बघत होते, यापेक्षा जास्त खर्चाचं फारसं काही दिसलं नाही. नीरेच्या काठाला दांडा टाकला तर उद्या @भाकरी_ठेचा यांना मी भेटायला येते. कुत्र्यांचं तुम्ही बघा.

वाशिष्ठीकाठचा

नदी उलटी फिरवली हे वाचून आमच्या चिपळूणकरांना नवल वाटणार नाही 😀 कोयनेचं पाणी मूळ पूर्वेला, कृष्णेला जाणारं. वीज करून ते पोफळीला सोडतात आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्रात जातं. पण आमच्याकडे बोगद्याने, झटक्यात. गाळ साठवून साठवून नदीला वळवणं म्हणजे फारच चिकाटी. त्या गाळाच्या पद्धतीला काय म्हणतात तिकडे?

मुरूमवाट

'कोल्माता'. म्हणजे भरून काढणं. वाटेत एका ठिकाणी शेत आणि कालवा यांची पातळी शेजारी बघितली तेव्हा कळलं, शेत वर आहे आणि ते शेत म्हणजे सगळा डोंगरावरून आलेला गाळ. आणि त्या शेतांत पांढरीशुभ्र क्यानिना गुरं. याच खोऱ्याच्या नावाची जात. बैल खांद्याशी माणसाएवढा, वजन दीड टनापर्यंत. आमचे आजोबा खिल्लारं बाळगायचे, त्यामुळे मी कुंपणाशी बराच वेळ उभी राहिले. तोच रंग, तेच काळं नाक, पण जणू कोणी फुंकून फुगवलेला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नांगराला होते. आता मुख्यतः मांसासाठी पाळतात. त्या रात्री शेजारच्या टेबलावर बोटभर जाडीचा तुकडा आला तेव्हा मी चवळीवरच थांबले.

पंक्चरदास

चिलटांचं कोणी लिहिलं नाही. मी ऑगस्टमध्ये पासिन्यानोला होतो, संध्याकाळी दिव्याभोवती ढग.

मुरूमवाट

हो! चावत नाहीत पण तोंडात जातात. मेमध्ये कमी होती तरी सहानंतर काठाने सायकल चालवताना तोंड मिटून आणि चष्मा लावून. जाऊबाई पाच मिनिटं गप्प राहिल्या ते तेवढ्याच वेळेला.

किल्लेदार_नाशिक

उत्तर काठाला टाळा म्हणालात, पण कार्थेजच्या हॅनिबलची रोमनांशी झालेली लढाई तिथलीच ना? इ.स.पू. २१७. डोंगर आणि तळं यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत रोमन सैन्य सकाळच्या धुक्यात शिरलं आणि वरून हॅनिबल उतरला. सेनापती फ्लामिनियस पडला, पंधरा हजारांच्या आसपास रोमन मारले गेले. इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या दबा धरून केलेल्या हल्ल्यांपैकी एक. आपल्याकडच्या उंबरखिंडीची आठवण होतेच. ते न बघता आलात?

मुरूमवाट

बघितलं हो. तुओरोला रेल्वेने जाऊन, सायकल ढकलत. जवळच्या वाडीचं नाव सांग्विनेतो आहे, रक्तावरून. वरून बघितलं तर तुमच्या लक्षात येईल की तेव्हा तळं अजून आत होतं, पट्टी अजून अरुंद. आता तिथे सूर्यफुलं. लिहिलं नाही कारण सायकलचा संबंध नव्हता, आणि जाऊबाईंनी फलक वाचून "सकाळी धुकं होतं तर थांबायचं ना जरा" एवढंच म्हटलं.

माणगावकर

उशिरा प्रतिसाद देतोय. धागा सायकलचा आहे, मी चालवत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तुम्ही अरेत्सोला जाऊन जिलातो खाऊन परत आलात. त्या गावात राष्ट्रकुलाची युद्धस्मशानभूमी आहे आणि तिथे मोठ्या संख्येने भारतीय सैनिक आहेत. १९४४ च्या उन्हाळ्यात तुमच्या या सगळ्या खोऱ्यांतून भारतीय डिव्हिजन जर्मनांना मागे रेटत उत्तरेला गेल्या. इटलीत ५,७८२ भारतीय सैनिक मेले. तिथे मिळालेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी, म्हणजे ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकांपैकी, ६ भारतीयांचे.

त्यातला एक आमच्या तालुक्यातला. नाईक यशवंत घाडगे, पळसगाव, तालुका माणगाव. पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. १० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात त्यांची सगळी तुकडी मेली किंवा जखमी झाली. हे एकटे उठून धावले, हातबॉम्ब टाकून गन बंद पाडली, टॉमीगनमधल्या गोळ्या संपल्या तेव्हा तीच नळीने धरून उरलेल्या दोघांना लोळवलं. मग आडोशातून नेम धरणाऱ्यांनी त्यांना टिपलं. वय २२. कबर नाही, कासिनोच्या स्मारकावर नाव आहे. माणगावच्या तहसील कचेरीत पुतळा आहे, आम्ही दाखल्यासाठी रांगेत उभे असताना त्याच्याकडे पाठ असते.

जुलै २०२३ मध्ये उंब्रियातल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. नकाशात बघितलं तर तुमच्या तळ्यापासून फार लांब दिसत नाही. पुढच्या वेळी जमलं तर बघा.

अप्पा_सत्तरीतले

माणगावकर, हे सांगितलंत बरं केलंत. मला पुतळा माहीत होता, मोंतोने माहीत नव्हतं.

मुरूमवाट

@माणगावकर, काय लिहू. अरेत्सोला आम्ही स्टेशनसमोर पाऊण तास रेल्वेची वाट बघत नुसत्या बसलो होतो.

मोंतोने नकाशात काढलं. पासिन्यानोवरून डोंगर ओलांडून लिशानो निक्कोने, तिथून निक्कोनेच्या खोऱ्याने खाली टायबरपर्यंत, मग उम्बेर्तिदे, मग वर मोंतोने. चाळीसेक किलोमीटर. जमेल.

मुरूमवाट

चार महिन्यांनी धागा वर काढतेय, माफ करा. सप्टेंबरअखेर परत गेले. या वेळी जाऊबाई नव्हत्या, नवरा होता, आणि तो सायकलवर बोलत नाही, त्यामुळे लवकर पोहोचलो.

रस्ता डांबरी आहे, मुरमाच्या शौकिनांनी अपेक्षा ठेवू नये. पण निक्कोनेच्या खोऱ्यात तासाभरात मोजून नऊ गाड्या. दोन्ही बाजूंना ओकची दाट झाडी, मध्ये तंबाखूची शेतं, आणि वर प्रत्येक टोकावर एखादा बुरूज. उम्बेर्तिदेपाशी टायबर ओलांडली. इथे ती आपल्या कृष्णेसारखी नाही, वाईच्या अलीकडच्या ओढ्यासारखी, खडकांवरून. मग मोंतोनेचा चढ. गाव ४८२ मीटरवर आणि शेवटचा रस्ता सरळ भिंतीसारखा. मी उतरून ढकलली.

तटावरच्या पाटीवर नाव दिसलं आणि उलगडा झाला: ज्याने तळ्याचा बोगदा खणला तो ब्राच्चो याच गावचा, 'ब्राच्चो दा मोंतोने'. पेरुजापासून लांबपर्यंत मुलूख मारला आणि १४२४ मध्ये लाक्विलाच्या लढाईत पडला. गावात जिकडेतिकडे तोच. आणि त्याच गावात आता आपले घाडगे.

स्मारक बघितलं. त्यावर लॅटिनमध्ये ओळ आहे, अर्थ असा: आपण सगळे एकाच सूर्याखाली. आम्ही पोहोचलो तेव्हा आभाळ भरलेलं होतं, सूर्यघड्याळाला काही काम नव्हतं. नवरा म्हणाला थांबू. चौकात कॉफी घेतली, परत आलो. पावणेचारला पाच मिनिटं ऊन पडलं. सावली आली, मी फोटो काढला, परत ढग.

तिथे एक बाई कुत्र्याला फिरवत होत्या. कुठून आलात विचारलं. मी म्युनिक म्हणाले, त्यांनी मान हलवली, "नाही, त्याआधी कुठून?" मी स्मारकाकडे बोट केलं. मग त्यांनी कुत्र्याला बसवलं आणि आमच्याबरोबर उभ्या राहिल्या.

अरेत्सोलाही गेले दुसऱ्या दिवशी. त्याबद्दल आत्ता लिहीत नाही.

माणगावकर

ताई, तो सावलीचा फोटो मूळ आकारात पाठवाल का, लहान केलेला नको. पळसगावात एका घरी न्यायचाय आणि त्यांच्याकडे मोबाइल जुना आहे, म्हणून छापून नेतो.

मुरूमवाट

पाठवला. निरोपात बघा. फोटोत एका कोपऱ्यात माझ्या सायकलचं चाक आलंय, ते हवं तर कापा.

माणगावकर

मिळाला. चाक राहू दे.